'बोल्ट-ऑन' नावाचं थोतांड

शनिवारची सकाळ, दुसरा चहा, आणि डोक्यात कालपासून भुणभुणणारं एक कोटेशन.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे. कोथरूडचा, हुशार, कोड स्वच्छ लिहितो, टेस्ट लिहिल्याशिवाय एक ओळसुद्धा चेक-इन करत नाही. गेल्या वर्षी त्याने इथे सॅन होजेमध्ये एक जुनी निस्सान ३५०झेड घेतली, २००४ची. काल जेवताना त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. "ट्विन टर्बो किट आहे. पूर्ण बोल्ट-ऑन. एका लाँग वीकएंडमध्ये बसतं म्हणे. बघा ना जरा."

बघितलं. चकचकीत फोटो, दोन टर्बो, दोन गोगलगाई एकमेकींकडे तोंड करून बसल्यासारख्या, आणि खाली ठळक अक्षरात हॉर्सपॉवरचा आकडा. पुढचं जेवण काही गेलं नाही बुवा.

कारण 'पूर्ण बोल्ट-ऑन' हे शब्द मी २००८ मध्ये ऐकलेत. नुसते ऐकले नाहीत, त्यांच्यावर विश्वास ठेवलाय, आणि त्या विश्वासातून बाहेर पडलेलं गरम इंजिन ऑइल भर रस्त्यावर सांडलेलं पाहिलंय. त्या प्रकरणात लॅपटॉप माझा होता. ते पुढे सांगतो. आधी जरा भांडून घेऊ दे.

तर माझं म्हणणं असं: टर्बो बसवणे या कामात 'टर्बो' हा सगळ्यात सोपा भाग आहे. किट विकणारे तुम्हाला दिसणारा भाग विकतात, आणि तुटणारा भाग तुमच्याकडेच ठेवतात. 'बोल्ट-ऑन' हा शब्द याच लबाडीचं नाव आहे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इंजिनमधून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनमध्ये कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. कल्पना जुनीच आहे, आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. ऐकायला एकदम फुकटचा माल. वाया जाणाऱ्या धुरातून ताकद! आपल्याला फुकट म्हटलं की काय होतं ते काय सांगायला हवं?

आता ही हवा कोंबली की काय होतं? सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून चार वेळा पंप मारून पाहा, बोट भाजतं. दाबलेली हवा तापते. मी हा हिशोब तेव्हा केला नव्हता, आता केलाय. बाहेरची हवा २७ अंशांची धरा, आणि टर्बोने ७ पीएसआय जादा दाब दिला असं धरा. किटवाले याला 'सौम्य बूस्ट' म्हणतात. बाहेरच्या हवेचा दाब मुळात १४.७ असतो, म्हणजे एकूण दाब दीडपटीच्या जवळ गेला. पण कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हीच हवा ७८ अंशांच्या आसपास पोचते. तापली म्हणजे फुगली. त्यामुळे दाब ४८ टक्क्यांनी वाढला तरी प्रत्यक्ष हवा वाढते जेमतेम २६ टक्के. बाकीची वाढ नुसत्या उष्णतेत गेली, आणि ही उष्णता सिलिंडरमध्ये जाऊन बसणार. म्हणून मध्ये इंटरकूलर लावायचा. तो लावला की हवेचा मार्ग लांबतो, दाब थोडा पडतो, आणि पुढच्या बंपरमागे जागा शोधत फिरावं लागतं. एक गोष्ट बसवली की तिच्यामागून तीन गोष्टी येतात. हे सॉफ्टवेअरवाल्यांना नव्याने सांगायला नको.

पण मुख्य दुखणं हवा नाही. कॉम्प्रेशन रेशो आहे.

३५०झेडचं पहिलं इंजिन, व्हीक्यू३५डीई, साडेतीन लिटरचं व्ही६. २८७ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन रेशो १०.३ ला १. म्हणजे पिस्टन खालून वर येईपर्यंत हवा-पेट्रोलचं मिश्रण १०.३ पट दाबलं जातं. टर्बो नसलेल्या इंजिनाला हे उत्तम. यानेच ते चटपटीत होतं. पण आधीच दाबून तापवलेली हवा त्यात घातलीत, तर ती आणखी १०.३ पट दाबली जाणार. ठिणगीने पेटलेली ज्वाळा कडेपर्यंत पोचायच्या आत कडेचं मिश्रण आपणहून फुटतं. याला म्हणतात नॉकिंग. पिस्टनवर आतून हातोडी मारल्यासारखं. आणि त्यात आमच्या कॅलिफोर्नियात पंपावरचं चांगलं पेट्रोल म्हणजे ९१ ऑक्टेन, पूर्वेकडे मिळतं तसं ९३ पण नाही.

आता कोणी म्हणेल, निस्सानने स्वतः नाही का ट्विन टर्बो केली? केली ना! आणि तीच तर माझी बाजू आहे. ३५०झेडच्या आधीची ३००झेडएक्स घ्या, १९९० ते १९९६ मध्ये अमेरिकेत विकली गेली ती. एकाच गाडीत एकच तीन लिटरचं व्ही६ दोन रूपांत मिळायचं. टर्बोशिवाय २२२ हॉर्सपॉवर, ट्विन टर्बोसह ३००. म्हणजे निस्सानने पण दोन टर्बो 'बसवले'. पण साध्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो होता १०.५ आणि ट्विन टर्बोचा ८.५. पिस्टन वेगळे. इंजेक्टर मोठे. दोन इंटरकूलर, एकेका कोपऱ्यात एकेक. स्वतःच्याच इंजिनाला टर्बो लावताना ज्या कंपनीला पिस्टन बदलावे लागले, तिच्या इंजिनाला तुम्ही एका लाँग वीकएंडमध्ये पान्याने टर्बो लावणार? बरं.

टोयोटाचंही तेच. ज्या सुप्रामुळे आमच्या पिढीची डोकी फिरली, २००१च्या 'फास्ट अँड द फ्युरियस'मधली ती नारिंगी, तिच्या ट्विन टर्बो इंजिनाचं नाव २जेझेड-जीटीई. याचा बिनटर्बो भाऊ २जेझेड-जीई. दोन्ही तीन लिटर, दोन्ही सरळ सहा सिलिंडर, दोन्हींचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा. पण जीईचा रेशो १०, जीटीईचा ८.५. जीटीईमध्ये पिस्टनच्या पोटावर खालून तेल उडवणाऱ्या बारीक नळ्या आहेत, पिस्टन थंड ठेवायला. जीईमध्ये त्या नाहीत. "अहो, सुप्रावाले मूळ इंजिनावर दुप्पट ताकद काढतात" हे प्रत्येक पार्टीत ऐकू येणारं वाक्य आहे. काढतात. कारण ते इंजिन जन्मापासून त्याच कामासाठी केलेलं आहे. पैलवानाचा खुराक शेजारच्या कारकुनाला दिला म्हणून तो आखाड्यात उतरत नाही.

माझ्या सहकाऱ्याने मात्र जेवणाच्या टेबलावरच मला पकडलं, हे कबूल करतो. म्हणाला, "पण आता ८.५ वगैरे जुनं झालं. बीएमडब्ल्यू ३३५आयच्या इंजिनाचा रेशो १०.२ होता. आणि नव्या निस्सान झेडचा किती आहे माहितीये? १०.३. अगदी माझ्या गाडीएवढाच!"

मुद्दा बरोबर आहे. अगदी दशांशापर्यंत बरोबर. २०२३ मॉडेलच्या निस्सान झेडमधलं व्हीआर३०डीडीटीटी, तीन लिटर, दोन टर्बो, ४०० हॉर्सपॉवर, रेशो १०.३. मग?

मग हे बघा. त्या नावातला दुसरा 'डी' म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं, तिथेच त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतली हवा थंड करतं. माठातलं पाणी थंड होतं त्याच न्यायाने. बीएमडब्ल्यूच्या त्या इंजिनातही हेच होतं. तुझ्या २००४च्या गाडीत पेट्रोल झडपेच्या अलीकडे, हवेच्या नळीत पडतं. सिलिंडरच्या आतल्या गारव्याचा फायदा तिला तसा मिळत नाही. शिवाय नव्या इंजिनात धुराची वाट सिलिंडर हेडच्या आतच ओतलेली आहे, म्हणजे टर्बो हेडला चिकटून बसतो. इंटरकूलर पाण्याने थंड होणारे आहेत. आणि ४०० हॉर्सपॉवरच्या आवृत्तीत टर्बोचा वेग मोजणारा सेन्सर आहे. मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेणाऱ्या दांड्यावर कॉम्प्युटरची सतत नजर! तेव्हा १०.३ आणि १०.३ हे दोन आकडे सारखे दिसतात एवढंच. दोन व्हेरिएबलची व्हॅल्यू सारखी आली म्हणून ती एकच होत नाहीत, हे या मुलाला मी शिकवायचं?

बरं, 'ट्विन' या शब्दाचीही एक वेगळीच भुरळ आहे. दोन म्हणजे दुप्पट असं कुठेतरी आपल्या डोक्यात बसलंय. व्ही६ मध्ये दोन टर्बोंना खरं कारण आहे, धुराच्या नळ्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना निघतात, तेव्हा एकेका बाजूला एकेक छोटा टर्बो सोयीचा पडतो. छोटा पंखा हलका, लवकर वेग घेतो. ठीक. पण त्याबरोबर तेल आणणाऱ्या नळ्या दोन, तेल परत नेणाऱ्या दोन, पाण्याच्या नळ्यांची आणखी जोडी, दाब सोडणारे वेस्टगेट दोन, आणि लाल तापणारी दोन धुडं अशा जागी, जिथे हात घालायला आधीच जागा नाही. माझ्दाने आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीत तर दोन टर्बो पाळीपाळीने चालवले. आधी एक, मग दोन्ही. कल्पना झकास. पण ती चालवायला व्हॅक्युमच्या नळ्यांचं असं जंजाळ करावं लागलं, की कित्येक मालकांनी पुढे ते सगळं उपटून एकच मोठा टर्बो लावला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

आता तेलाचं. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. ते तेल परत इंजिनात जातं ते नुसत्या उताराने, पंपाने नाही. म्हणजे परतीची नळी जाड हवी, खाली उतरणारी हवी, आणि ती जाऊन मिळणार कुठे? तर आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला 'चेंबर' म्हणतात त्या तेलाच्या भांड्यात. त्यासाठी चेंबरला भोक पाडावं लागतं. भोक पाडणं 'बोल्ट-ऑन'मध्ये कसं काय बसतं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही :) आणि पाडताना धातूचा चुरा आत पडला तर तो बेअरिंगपर्यंत जाणारच. पेट्रोलची तीच गत. ३५०झेडमध्ये जादा पेट्रोल इंजिनापासून टाकीकडे परत आणणारी नळीच नाही. मूळ ताकदीला तिची गरज नव्हती. बूस्टवर पेट्रोलचा दाब टिकवायचा तर बरेच जण ती वेगळी ओढतात, पंप बदलतात, इंजेक्टर बदलतात. यातलं किटमध्ये किती येतं हे कोटेशनच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. काल त्या पानावर जाईपर्यंत त्याचा डबा संपला होता.

आता माझी गोष्ट.

२००८. माझा तेव्हाचा रूममेट, त्याच्याकडे हीच गाडी, हाच रंगसुद्धा. सात हजार डॉलरचं किट. एका गॅरेजने बसवून दिलं, आणि खरं सांगायचं तर बसवलं व्यवस्थित. राहिलं ट्यूनिंग. म्हणजे कुठल्या वेगाला, किती हवेला, किती पेट्रोल आणि ठिणगी कधी, ही टेबलं. मी ती टेबलं पाहिली आणि म्हटलं, हॅ, टू-डायमेन्शनल ॲरे! हे तर मी करतो. पाचशे डॉलर वाचतील. दोघांनाही मी फार हुशार वाटलो.

पहिला महिना... काय सांगू. मागून कोणीतरी हाताने ढकलल्यासारखं वाटतं हो. तिसऱ्या गिअरमध्ये बूस्ट आला की आपोआप हसू येतं, तोंड बंदच होत नाही. डायनोवर चाकांशी ४१०चा आकडा आला. मूळ गाडी २३०-२४० देते. आम्ही त्या कागदाचा फोटो काढून पुण्याला पाठवला. हे मी लपवत नाही. ज्याने ते अनुभवलं नाही त्याने टर्बोवाल्यांना वेडे म्हणू नये.

पण या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड चाकांवर ४०० हॉर्सपॉवरच्या आसपास शेवटाला येतात, हे ही इंजिनं बांधणाऱ्यांत तेव्हाही सर्रास माहीत होतं. आम्ही वाचलंही होतं. "आपण रोज थोडंच एवढं दाबणार." आणि मी जे लॉग घेत होतो, त्यात दोन आठवडे आधीपासून एक गोष्ट दिसत होती. गरम दुपारी ५००० आरपीएमच्या पुढे इंजिनाचा कॉम्प्युटर ठिणगी आपणहून मागे घेत होता. म्हणजे नॉक सेन्सरला काहीतरी ऐकू येत होतं. मी काय केलं? म्हटलं, नवीन नळ्या खडखडतायत, सेन्सर फसतोय. कंपायलरच्या वॉर्निंगकडे आपण करतो तेच केलं.

ऑगस्टमधला रविवार, सांता क्रूझला जाणारा हायवे १७. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना माहीत आहे. घाट, अरुंद, मध्ये दुभाजक, शोल्डर असून नसल्यासारखा. चढावर तिसऱ्यांदा पेडल दाबलं आणि खालून एकच आवाज आला. स्फोट वगैरे नाही. पिंपात पाना पडल्यासारखा. मग आरशात नुसता पांढरा धूर. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता. तेल लाल तापलेल्या टर्बोवर आणि स्वतःच्याच मागच्या चाकांखाली. गाडीचं शेपूट आडवं गेलं, सुदैवाने डोंगराच्या बाजूला. बॉनेटच्या फटीतून ज्वाळा दिसली तेव्हा मी बेल्टचं बटण शोधत होतो आणि ते सापडत नव्हतं. मागच्या पिकअपवाल्याने ब्रेक लावले, उतरला, आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन पळत आला. त्याच्या गाडीत मागे दोन पोरं होती. आमच्या तेलावरून त्याची चाकं गेली असती तर काय, हा विचार मला त्या दिवशी नाही, चार दिवसांनी रात्री तीनला आला.

यात गॅरेजचा दोष नाही. निस्सानचा तर मुळीच नाही. त्यांनी २८७ हॉर्सपॉवरचा रॉड दिला आणि तो तेवढ्याला पुरून उरला. दोष माझ्या टेबलांचा, आणि त्या शब्दाचा, ज्याने आम्हाला वाटलं की यात इंजिनाला हात लावायची गरजच नाही.

वॉरंटीचं एक राहिलं. काल लगेच उत्तर आलं, "मॅग्नसन-मॉस कायदा आहे ना." आहे, १९७५ पासून आहे. तो म्हणतो की बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावरून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. बिघाड त्या पार्टमुळेच झाला तरी पैसे द्या, असं तो कुठेही म्हणत नाही. आणि वीस वर्षांच्या गाडीला कसली आलीये वॉरंटी? त्यापेक्षा कॅलिफोर्नियाचा स्मॉग चेक बघ म्हटलं. किटला एअर रिसोर्सेस बोर्डाचा ईओ नंबर नसेल तर तपासनीस बॉनेट उघडतो, दोन गोगलगाई बघतो, आणि बंद करतो. नापास. दर दोन वर्षांनी टर्बो उतरवून परत चढवणारे लोक मी पाहिलेत. भारतातून हे वाचून हसणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यावर बरंच स्पष्ट सांगितलंय.

हे सगळं टर्बोविरुद्ध नाहीये. इंजिन उघडून, घडीव पिस्टन आणि रॉड घालून, रेशो खाली आणून, क्लच आणि ब्रेक बदलून, पूर्ण खर्च आधी कागदावर मांडून जो हे काम करतो त्याला माझा नमस्कार. तो 'बोल्ट-ऑन' म्हणत नाही. त्याला माहीत असतं की आपण एक नवीन इंजिन बनवतोय. मला चीड आहे ती ते काम वीकएंडच्या भावात विकणाऱ्यांची. आणि ज्याला फक्त ४०० हॉर्सपॉवर हवेत, त्याने कारखान्यातूनच तशी आलेली गाडी घ्यावी की! कोणीतरी हजारो तास टेस्ट बेंचवर ती इंजिनं फोडून झालेली असतात, आपल्याला घाटात फोडावी लागत नाहीत.

काल संध्याकाळी त्याला एक स्प्रेडशीट पाठवली. पहिली ओळ त्याच्या किटची. खाली पिस्टन, रॉड, बेअरिंग, गॅस्केट, पंप, इंजेक्टर, पेट्रोलची परतीची नळी, क्लच, ब्रेक, ऑइल कूलर, वाइडबँड सेन्सर, आणि डायनोवरच्या ट्यूनरची फी. ट्यूनरच्या ओळीपुढे कंसात लिहिलं: मी नाही.

रात्री अकराला उत्तर आलं. "हे सगळं लागतंच का?" पाच मिनिटांनी दुसरं. "रॉड किती टिकतात नक्की?"

सोमवारी जेवताना बोलू म्हटलं. त्या ब्लॉकचा फुटलेला तुकडा गॅरेजमध्ये कुठल्यातरी खोक्यात आहे, आज तो शोधायचाय.